भूक लागते, पण ती वाचता येत नाही

अ‍ॅनोरेक्सिया या खाणे टाळायला लावणाऱ्या मानसिक आजाराच्या रुग्णाला भूकच लागत नाही, असे अनेकांना वाटते. मनोविकारतज्ज्ञ हिल्ड ब्रूक यांनी 1962 मध्येच वेगळे मांडले होते: गडबड शरीराचे संकेत ओळखण्यात आहे. 2008 च्या एका प्रयोगात रुग्णांना नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके मोजायला सांगितले, तेव्हा निरोगी व्यक्तींपेक्षा त्यांचे अंदाज जास्त चुकले. मग जाणीव नुसती बोथट झाली म्हणायची का? मला तसे वाटत नाही. संशोधक साहिब खालसा यांच्या गटाने 2015 मध्ये हृदयगती वाढवणारे औषध शिरेतून दिले. जेवण जवळ आले असताना रुग्णांना धडधड आणि श्वासातला बदल अगदी कमी मात्रेतही तीव्रतेने जाणवला. म्हणजे संकेत विपरीत वाचला जातो आणि घास समोर येण्याआधीच शरीर धोक्याची घंटा वाजवते.

हे सगळे उपासमारीचेच परिणाम, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. उपासमारीत जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे चार घासांत पोट तट्ट भरल्यासारखे वाटते. ते ढोंग नव्हे. पण 1944-45 च्या मिनेसोटा उपासमार प्रयोगातल्या 36 उपाशी पुरुषांना अन्नाशिवाय काही सुचत नव्हते आणि खायला मिळताच ते तुटून पडले. केवळ उपासमारीने अन्नाची भीती उपजत नाही.

म्हणून ‘भूक लागली की खा’ हा सल्ला या रुग्णांना देऊ नका. उपचारांच्या सुरुवातीला जेवण घड्याळानुसार ठरवतात, भुकेनुसार नाही.