मुलांच्या चित्रपुस्तकाची घडण : लेखक व चित्रकार यांच्या सहकार्याचे स्वरूप

प्रस्तावना

बालवाङ्मयाचा विचार करताना चित्राला बहुधा सजावटीचे स्थान दिले जाते. वस्तुतः सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत मूलभूत भेद आहे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढली तरी गोष्ट उभी राहते. चित्रपुस्तकातील चित्रे काढल्यास ती अपुरी ठरते. असे पुस्तक कसे घडते, हे सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868-1951) स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण 1916 साली प्रसिद्ध झाले. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानातील आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. तथापि रामकथा वाचकाला आधीच ठाऊक असल्याने तेथे चित्र ज्ञात प्रसंगाला रूप देते. आधुनिक चित्रपुस्तकात गोष्टच शब्द व चित्र यांत वाटून दिलेली असते.

निर्मितीची प्रक्रिया

छपाईच्या कागदाला घड्या घालून पाने तयार होत असल्याने चित्रपुस्तक सामान्यतः 16, 24 किंवा 32 पानांचे असते. 32 पानांतून शीर्षकादी पाने वगळता गोष्टीला साधारण 14 जोडपाने मिळतात. उत्कंठेचा क्षण पान उलटण्यापूर्वी आणि त्याची उकल पान उलटल्यावर यावी, यासाठी प्रथम कच्ची प्रत, म्हणजे डमी, केली जाते. डमीत रेखाटने आली की लेखकाची अनेक वाक्ये अनावश्यक ठरतात. जे चित्रात दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगू नये, हा येथील पहिला नियम होय. मॉरिस सेंडाक यांच्या 1963 सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात चित्रे क्रमाने मोठी होत जातात आणि मध्यावर तीन जोडपाने शब्दांविनाच येतात.

मराठीत माधुरी पुरंदरे यांनी लेखन व चित्रण ही दोन्ही अंगे स्वतः सांभाळली. जे. जे. कलामहाविद्यालयात शिकलेल्या पुरंदरे यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये चित्र हेच मुलाच्या बोलण्याचे निमित्त होते. लेखक व चित्रकार भिन्न असतील, तेव्हा ही वाटणी परस्पर चर्चेने करावी लागते.

स्थानिक संदर्भ

‘पाऊस आला’ हे दोनच शब्द घेऊ. महाबळेश्वरच्या मुलासाठी या शब्दांचे चित्र म्हणजे दाट धुके आणि दिवसेंदिवस न थांबणारी धार. जत किंवा माण तालुक्यातील मुलासाठी मात्र ते अंगणात धावत आलेली माणसे आणि पागोळ्यांखाली मांडलेल्या घागरी यांचे होईल. वाक्य एकच, परंतु पहिल्यात नित्यक्रम आहे, दुसऱ्यात उत्सव. हा अर्थ चित्रकाराने भरावयाचा असतो आणि लेखकाने त्यासाठी जागा मोकळी ठेवावयाची असते. प्रदेश न पाहता काढलेले चित्र दोन्हीकडच्या मुलांना परके वाटते. अक्षरओळख नसलेले मूल प्रथम चित्रच वाचते. तेथेच त्याला स्वतःचे जग दिसले नाही, तर पुस्तक ही आपली वस्तू नव्हे, अशी त्याची समजूत होण्याचा धोका असतो.

निष्कर्ष

चित्रपुस्तकाची गुणवत्ता रंगांच्या संख्येवर नव्हे, तर शब्द आणि चित्र यांच्या योग्य वाटणीवर अवलंबून असते. डमीसाठी कागद, पेन्सिल आणि दोरा पुरेसा आहे. दोन्ही जिल्ह्यांतील अध्यापक विद्यालयांनी व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून अशा डमी करून घेऊन त्या बालवाडीतील मुलांसमोर वाचाव्यात. मूल कोणत्या पानावर थांबते आणि कोणते पान न पाहता उलटते, यावरून लेखक व चित्रकार या दोघांनाही पुढील दुरुस्तीची दिशा मिळेल.