वायफाय रडतंय? आधी भिंतींना विचारा!

नेट स्लो झालं की घरात पहिली शिवी कुणाला बसते? अर्थात कंपनीला! दुसरी राउटरला. टॅबची बारी त्यानंतर. पण खरा व्हिलन बरेचदा भिंतीत नाहीतर फ्रिजमागे लपलेला असतो, बॉस!

आमच्याकडे प्रकरण सॉलिड तापलं होतं. ताई डब्लिनला. दर रविवारी आई ओट्यापाशी टॅब लावून तिच्याशी बोलणार, हे ठरलेलं. पण पाच मिनिटांत ताईचं तोंड उघडं राहून चित्र थिजायचं. हळूहळू आईने कॉल करणंच कमी केलं. ‘मलाच नाही जमत ते,’ म्हणायची. बाबा तर 100 एमबीपीएसचा प्लॅन 200 चा करायला निघाले. म्हटलं, बाबा, एक सकाळ द्या मला.

पहिला फंडा : एकाच टॅबवर दोनदा स्पीड टेस्ट. राउटरशेजारी आकडा आला 46, ओट्यापाशी 3! म्हणजे लाइन ठणठणीत, घोळ वाटेत. प्लॅन दुप्पट केला असता तरी ओट्यापाशी रडगाणं तेच.

आता वाट बघा. राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खाली. मध्ये दोन भिंती, एक आरसीसी कॉलम आणि फ्रिज. सिग्नलला काँक्रीट जड जातं आणि धातू तर त्याला परतच पाठवतो. त्यात मायक्रोवेव्ह. तो साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या 2.4 च्या पट्ट्यातच. पापड भाजायला ठेवला की कॉल गचके खाणारच!

शिवाय शेजारी. 2.4 मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच धरतात : 1, 6 आणि 11. बिल्डिंगमधले निम्मे राउटर एकाच चॅनलवर असतील तर सगळेच रांगेत. 5 गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आणि वेगही जास्त, पण भिंत आली की ते लवकर दमतं. म्हणून राउटरच्याच खोलीत बसलात तर 5, दोन भिंतींपलीकडे 2.4. काही जुन्या टॅबना 5 दिसतच नाही, तेही तपासा.

आम्ही राउटर पॅसेजमध्ये उंचावर हलवला. फायबरची तार ओढली-वाकवली की तुटते, म्हणून ती माणूस बोलावून वाढवून घेतली. चॅनल 6 वरून 11 केला. टॅबवरचं नेटवर्क ‘फर्गेट’ करून परत जोडलं, मागे गुपचूप चाललेले अपडेट थांबवले. ओट्यापाशी आकडा 28! व्हिडिओ कॉलला याच्या पावपट स्पीडही पुरतो. त्या रविवारी मायलेकींचं पाऊण तास चाललं, आणि ‘मला जमत नाही’ हे वाक्य घरातून गायब झालं.

राउटरला चिकटून बसूनही आकडा रडकाच आला, तर मात्र कंपनीला बिनधास्त फोन लावा. वेळ आणि आकडे लिहून ठेवा. ‘नेट स्लो आहे’पेक्षा ‘राउटरपाशी रात्री नऊला 6 मिळतात, प्लॅन 100 चा आहे’ हे ऐकल्यावर समोरच्याला टाळाटाळ करणं जड जातं.