कोणता मासा ठेवायचा, कोणता सोडायचा?



ऊस विकास विभागाचा माणूस माशांवर लिहायला बसला म्हटल्यावर "साहेबांना बेणे प्रक्रिया सोडून हे काय सुचलं?" असे तुम्ही म्हणणार. पण आडसाली लागणीच्या दिवसांत प्लॉट बघत नदीकाठाने फिरणे हे माझे कामच आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत निम्मे गाव गळ आणि जाळी घेऊन काठावर असते. तेव्हा उसाबरोबर मासाही नजरेखालून जातो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ लागला होता, भोगावतीला नवे पाणी आले होते. बंधाऱ्याचे बरगे काढून महिना झाला होता. आमच्या गटातल्या एका सभासदांनी खांबाच्या आडोशाला गळ टाकून चांगली तीन-साडेतीन किलोची खडशी काढली होती. पोट टम्म फुगलेले.

"साहेब, ह्यो बघा. गाभोळी हाय पोटात!"

मी म्हटलं, "मामा, मग सोडा की तिला."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले, जसा मी त्यांना उभा ऊस पेटवायला सांगतोय. "सायेब, आखाड चाललाय. आन् म्या सोडली तर खालच्या अंगाला दुसरा धरणारच न्हवं का?"

या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. खडशी घरी गेली. रात्री डब्यातून वाटीभर गाभोळी माझ्याकडेही आली, आणि खोटे कशाला बोलू, मी ती खाल्ली. पण प्रश्न तसाच राहिला.

पहिल्या पुराबरोबर नदीचे मासे वर चढतात ते अंडी घालायला. आणि आपला आखाड, म्हणजे श्रावण पाळण्याआधी पोटभर सामिष खाऊन घ्यायचे दिवस, बरोबर त्याच वेळेला येतो. म्हणजे मादीचे पोट जेव्हा भरलेले, तेव्हाच आपली चूल पेटलेली. रोहूच्या मादीत किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात, खडशीत मात्र किलोमागे काही हजारच. त्यातली जगणारी किती, हे दर उन्हाळ्यात पातळ होत जाणाऱ्या डोहांकडे बघून ओळखावे. बेणे मळ्यातला ऊस मोळ्या बांधून गाळपाला पाठवणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणतो? लागणीला बेणे नाही म्हणून तोच पुढल्या वर्षी माझ्या टेबलासमोर उभा असतो.

मासे खाऊच नयेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः खाणारा आहे. प्रश्न फक्त निवडीचा आहे, आणि निवड करायची तर आधी मासा ओळखावा लागतो.

शेततळ्यातला किंवा गावतळ्यातला कटला, रोहू, मृगळ खुशाल काढा. हे मासे साठलेल्या पाण्यात पैदास करत नाहीत. त्यांचे बीज आणून सोडावे लागते, आणि ते सहज मिळू लागले ते १९५७ साली कटकला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली त्यानंतर. तळ्यातला मोठा कटला सोडून पिढी वाढणार नाही, तो म्हातारा होईल एवढेच. (तळे सोसायटीने ठेक्याने घेतले असेल तर मात्र आधी विचारा. यावरून झालेली भांडणे मी सोडवली आहेत.)

चिलापी तर लहान-मोठी सगळी न्या. ती बाहेरून आलेली आहे, कुठल्याही डबक्यात वाढते आणि आपल्या माशांच्या तोंडचे खाते. थाई मांगूर गळाला लागला तर कोणत्याही परिस्थितीत पुन्हा पाण्यात टाकू नका. हा परदेशी मासा भलता खादाड, आणि आपल्याकडे त्यावर २००० सालापासून बंदी आहे.

मरळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः गुन्हेगार आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फिरताना तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. पुंजक्यात गळ हलवला की मरळ चिडून झडप घालते आणि सापडते. भुकेने नव्हे, पोरांपायी. मी दहा-अकरा वर्षांचा असताना चुलत्यांबरोबर अशी मरळ काढली. सगळ्या भावकीत कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी हौसेने पुन्हा ओढ्यावर गेलो तर पुंजका निम्मा झाला होता आणि खंड्या वरून सूर मारत होता. तिसऱ्या दिवशी पाणी मोकळे. तेव्हापासून पुंजक्यावर गळ टाकला नाही. पुंजका नसताना, हिवाळ्यात सापडलेली मरळ बिनघोर खावी.

खडशी मात्र कधीही सापडो, सोडावी असे माझे मत आहे. हा आपल्या दख्खनचा महाशीर. कर्नल साईक्स या इंग्रजाने १८३९ साली त्याचे वर्णन केले आणि शास्त्रीय नावात 'खुद्री' हा इथलाच शब्द ठेवला. लोणावळ्याला टाटांच्या धरणांवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले परराज्यातही पाठवली गेली. तिकडे लोक पिल्ले मागून नेतात आणि आपण अंड्यांसकट आई कापतो.

राहिले नदीचे बाकीचे मासे, शिंगाळा, वाम वगैरे. त्यांना आषाढ-श्रावण तेवढा मोकळा द्यावा. पुढे मधल्या मापाचे ठेवावेत, अगदी बारीक आणि अगदी मोठे सोडावेत. बारीक अजून एकदाही व्यालेला नसतो, आणि मोठ्या मादीच्या पोटात सर्वांत जास्त अंडी असतात.

हा मापाचा हिशेब माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत पट्टेदार बास नावाचा मासा आहे, समुद्रात राहणारा आणि अंडी घालायला नदीत चढणारा. साउथ कॅरोलिनात १९४१ च्या सुमारास धरणे झाली तेव्हा काही बास वर अडकले आणि गोड्या पाण्यातच पैदास करू लागले. पुढे तो तिथल्या अनेक धरणांत सोडला गेला. समुद्राकडचा बास मात्र इतका खालावला की मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. मासा सावरला. २०२३ साली तिथल्या किनाऱ्यावर नियम झाला, की हौशी माणसाने २८ ते ३१ इंचांमधलाच बास ठेवायचा, त्याखालचा आणि त्यावरचा सोडायचा.

धरणातल्या बासचा आणखी एक अनुभव आपल्या कामाचा आहे. कडक उन्हाळ्यात सोडलेला मासा बहुधा मरतोच, म्हणून तिथे सांगतात की लागला तो ठेवा आणि गळ गुंडाळून घरी जा. चैत्र-वैशाखात आपल्या डोहांची गत काय असते हे सांगायला नको. पाणी कोमट, वरून गावांचे, शहरांचे, कारखान्यांचे सांडपाणी. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच आपण पाहिलेला आहे आणि त्यात मी कोणाची बाजू घेणार नाही. आपल्यापुरते एक बघा. तणनाशकाचा पंप ओढ्यात धुऊ नका. ओढ्यातच पिल्ले असतात.

सोडायचा तर नीट सोडावा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालू नका. गळ पोटात गेला असेल तर ओढत बसू नका, दोरी तोंडाशी कापा. वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरा, आपणहून सुटेल. रक्त येत असेल तर मात्र तो ठेवा.

आता मामांचा प्रश्न. मी सोडली तर खालचा धरणार, हे खरेच आहे. महाडजवळ वाळणकोंडीत माशांना कोणी हात लावत नाही, कारण ते वरदायिनी देवीचे मानले जातात आणि सगळा गाव ते पाळतो. एकट्या-दुकट्याचे तिथेही चालले नसते. सुरुंग उडवून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्याने बंदी केली, तरी गाव गप्प बसले की रात्री बार होतातच. म्हणून माझे म्हणणे असे, की बंधाऱ्याखालच्या डोहात आषाढभर जाळे नाही, हे गावाने ठरवावे. पाण्याच्या पाळ्या आपण ठरवतोच. ऊसतोडीच्या क्रमावर कितीही कुरकुर झाली तरी तीही पाळतो.

मामांच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. यंदा आषाढात त्यांचा फोन मात्र आला.

"साहेब, एक मोठी लागलीती. सोडली."

मी म्हटलं, "बरं झालं, मामा."

"बरं कसलं? घरात बोलणी खाल्ली. आन् तुमचाबी डबा न्हाई यंदा."