जुन्या भिंतीपुढे नवा अभियंता

मुंबईच्या काळा घोडा भागातली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, ही 1860च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभी केलेली इमारत. 2019 मध्ये एका तांत्रिक अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे सांगून पाडण्याची शिफारस केली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी ती वाचवता येईल, असा निर्वाळा दिला. त्यात कोणाचे बरोबर, हा वाद इथे उकरायचा नाही. पण खांब तेच, तुळया त्याच आणि निष्कर्ष मात्र परस्परविरोधी, असे जुन्या इमारतींबाबत वारंवार का घडते? माझ्या मते याचे एक मोठे कारण तपासणाऱ्याच्या शिक्षणात आहे. आणि ती उणीव मूठभर वारसातज्ज्ञ तयार करून भरणार नाही. तिची सोय सिव्हिलच्या पदवीतच करावी लागेल.

पदवीतच का, तर निकाल देतो तो साधा पदवीधर. मुंबईत 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे आणि ‘सी-1’ शेरा पडला की इमारत रिकामी करून पाडायची. हा शेरा मारणाऱ्याचा अभ्यास झालेला असतो तो मुख्यतः आरसीसी आणि पोलादाचा. दगड-विटांच्या भारवाहक भिंती दोन-चार तासांत उरकतात, आणि चुना भेटतो तो इतिहास म्हणून. मग तो वाड्याच्या भिंतीवरही रिबाउंड हॅमर चालवतो. हे यंत्र काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा मोजते. अनघड दगडांच्या भिंतीवर ते फक्त समोरचा एक दगड किती कठीण आहे तेवढेच सांगेल. खरा प्रश्न असतो तो आतला: दोन्ही बाजूंचे पदर एकमेकांत गुंतले आहेत का, मधला भराव पोकळ झाला आहे का? त्यासाठी वेगळी साधने आहेत. उदाहरणार्थ फ्लॅट-जॅक. भिंतीवर आधी खुणा करून त्यांतले अंतर मोजून ठेवायचे, मग त्यांच्या मधली एक आडवी दर्ज कापायची. वरच्या भाराने ती फट किंचित मिटते. तिच्यात पत्र्याचे पातळ पाकीट सरकवून तेलाचा दाब वाढवत न्यायचा. खुणांमधले अंतर पूर्ववत झाले की तो दाब, पाकिटापुरती दुरुस्ती करून, हाच भिंतीवरचा ताण. दगड न फोडता कळते, आणि दर्ज पुन्हा चुन्याने भरता येते. हे शिकायला एक दुपार पुरते, पण बहुतेकांच्या वाट्याला ती येत नाही.

अज्ञानाने इमारती पडतात, तशा चुकीच्या ज्ञानानेही बिघडतात. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने संगमरवराचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडले. प्राचीन कारागीर लोखंडाभोवती शिसे ओतत. बालानोसने ती काळजी घेतली नाही. लोखंड गंजले, फुगले आणि त्याने संगमरवरच तडकवला. 1975 पासून तिथे जे काम चालू आहे त्यातला बराच भाग त्या दुरुस्तीची दुरुस्ती आहे, आता टायटॅनियम वापरून. इटलीच्या उंब्रिया भागात 1979च्या भूकंपानंतर जुन्या घरांची लाकडी छते काढून काँक्रीटची घातली गेली. हिशेबात ती भक्कम होती. 1997च्या भूकंपात त्या वजनाखाली दुबळ्या भिंती फुटल्या. आपल्याकडे देवळांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा थापला जातो तेव्हा यातलीच छोटी आवृत्ती घडते: चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, मग क्षार दगडाचे पापुद्रे काढतात.

यावर रोखठोक आक्षेप येतो किल्लारीचा. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तिथल्या भूकंपात हजारो माणसे जाड दगडी भिंतींखाली गाडली गेली. जुन्याचे गोडवे गाऊ नका. आक्षेप वजनदार आहे, त्याला बगल देता येणार नाही. पण काय पडले ते पाहू. मातीत रचलेल्या भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, कारण आरपार जाणारे दगड नव्हते आणि कोपरे बांधलेले नव्हते. त्यावर माळवदाच्या मातीचे ओझे. अनेक घरांत मात्र भिंत ढासळूनही लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष ‘जुने’पणात नव्हता, जोडणीत होता, आणि जोडणी सुधारता येते: आरपार बांधणी, छताखाली सलग पट्टा, माळवदाची माती कमी करणे. त्याच वर्षी आलेल्या आयएस 13935 या भारतीय मानकात अशा मजबुतीकरणाची दिशा आहे. तेव्हा ‘पाडा’ आणि ‘जपा’ यांच्यामधल्या या कामाला हिशेब करणारा माणूस लागतो. निव्वळ वारसाप्रेमाने तो निर्माण होत नाही, हेही वारसाप्रेमींनी ऐकून घ्यावे.

दुसरा आक्षेप असा की हे काम वास्तुविशारदांचे आहे. संवर्धनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांच्याकडे आहेत, हे खरे. पण कमानीचा रेटा कुठून खाली उतरतो याची जबाबदारी घेऊन सही करतो तो अभियंता. ब्रिटनमध्ये अशा अभियंत्यांची वेगळी नोंदवही 2003 पासून आहे. मिन्हो, पादुआ, बार्सिलोना आणि प्राग इथली विद्यापीठे 2007 पासून ऐतिहासिक बांधकामांच्या विश्लेषणाचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये वारसा-वास्तूंच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय केंद्र आहे. ही शिखरे हवीतच. पण मुंबईतल्या हजारो उपकरप्राप्त चाळी, पुण्या-नाशिकचे वाडे, घाटांतले कमानी पूल यांच्यापर्यंत शिखरावरचा माणूस पोहोचत नाही. नोकऱ्या कुठे आहेत, असे विचारणाऱ्यांना हेच काम दाखवावे.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे, आणि तिच्यावर आपणच एकदा उपाय केला आहे. भूजच्या भूकंपानंतर भूकंप-अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तेव्हा देशभरच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आयआयटींमध्ये जाऊन शिकून आले. दगड-चुन्यासाठी तसेच करता येईल, फक्त वर्गात एक जाणता गवंडी प्राध्यापकाच्या बरोबरीच्या मानधनावर बोलवावा लागेल. वेळापत्रकही थोडे वाकवावे लागेल. सिमेंटचा घन 28 दिवसांत चाचणीला येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत चुना कडक व्हायला महिने घेतो. जुलैत ओतलेले चुन्याचे घन त्या सत्रात फोडून उपयोग नाही. ते पुढच्या तुकडीने तपासावेत आणि आपले त्याच्या पुढच्या तुकडीसाठी ओतून ठेवावेत.