भावना आणि अल्पकालीन दृश्य स्मृती : प्रत्यक्षदर्शी साक्षीच्या संदर्भात

प्रस्तावना :
पनवेललगतची करंजाडे ही सिडकोची वसाहत नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनामुळे विस्तारली. या परिसरातून जवाहरलाल नेहरू बंदराकडे कंटेनरची अवजड वाहतूक चालते. अशा रस्त्यावर एखाद्या रहिवाशाच्या डोळ्यांदेखत अपघात घडला, अशी कल्पना करू. जखमीचा चेहरा त्याला स्पष्ट आठवतो. मात्र पळून गेलेल्या वाहनाचा क्रमांक सांगता येत नाही. असे का घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दृश्य स्मृतीची मर्यादा :
डोळ्यांनी टिपलेल्या दृश्याचा ठसा क्षणार्धात विरतो, हे जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये दाखविले. ज्या भागाकडे लक्ष जाते, तोच अल्पकालीन स्मृतीत उतरतो. या स्मृतीत एका वेळी साधारणतः तीन ते चार वस्तू मावतात, असे स्टीव्हन लक व एडवर्ड व्होगेल यांच्या १९९७ मधील प्रयोगांतून दिसून आले.

भावनेचा परिणाम :
तीव्र भावनेमुळे अवधानाचा परीघ आकुंचित होतो, असा सिद्धान्त ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्ये मांडला. एलिझाबेथ लॉफ्टस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये काही व्यक्तींना एका उपाहारगृहातील प्रसंगाची चित्रे दाखविली. ग्राहकाच्या हाती धनादेशाऐवजी पिस्तूल असता पाहणाऱ्यांची दृष्टी त्यावरच अधिक खिळली आणि इतर तपशिलांची आठवण क्षीण झाली. म्हणजेच भावना स्मृतीची क्षमता वाढवीत नाही. ती मोजक्या जागांचे वाटप बदलते. पुढे मेंदूतील अमिग्डाला प्रसंगाचा भावनिक गाभा दृढ करते. त्यामुळे आठवण ठळक वाटते. परंतु ठळकपणा म्हणजे अचूकपणा नव्हे.

निष्कर्ष :
ओळख परेडीत याच स्मृतीची कसोटी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसारही ओळख प्रस्थापित करणारी तथ्ये सुसंगत ठरतात. म्हणून साक्षीदाराचा जबाब शक्य तितक्या लवकर, उत्तर न सुचविणारे प्रश्न विचारून नोंदविणे आवश्यक आहे. क्रमांक आठवला नाही, एवढ्यावरून साक्षीदार खोटा ठरत नाही. आणि तो ठामपणे बोलतो, एवढ्यावरून समोरची व्यक्ती दोषी ठरत नाही.