पिन तीच, केबल वेगळी

आता फोन, लॅपटॉप, इअरबड्स, पॉवर बँक सगळ्यांना टाइप-सी पिन आली. कुठलीही केबल कुठेही बसते, म्हणून सगळ्या सारख्याच असं आपण धरून चालतो. मग भारी चार्जर आणूनही फोन रखडत चार्ज होतो आणि बोल लागतो तो चार्जरला. केबल स्वतःहून चार्जिंगचा वेग वाढवत नाही. तो फोन आणि चार्जर मिळून ठरवतात. केबल फक्त कमाल मर्यादा घालते, आणि ती मर्यादा पिनेकडे बघून कळत नाही.

गैरसमज : टाइप-सी म्हणजे फास्ट चार्जिंग.
वस्तुस्थिती : टाइप-सी हा केवळ पिनेचा आकार आहे. दोन्ही टोकांना सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत करंट नेते. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट, ही तिची हद्द. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या पिनेत ‘ई-मार्कर’ नावाची छोटी चिप असते. ही चिप केबलची क्षमता सांगते. चिपकडून उत्तर आलं नाही तर प्रमाणित चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही. म्हणूनच १०० वॅटचा लॅपटॉप चार्जर साध्या केबलवर ६० वॅटवर अडकतो.

गैरसमज : वॅट जुळले की झालं.
वस्तुस्थिती : सॅमसंग गॅलॅक्सी एस२२ अल्ट्रा ४५ वॅटवर चार्ज होतो. ४५ हा आकडा ६० पेक्षा कमी, मग साधी केबल पुरायला हवी. पण ती पुरत नाही, कारण हा फोन व्होल्ट कमी ठेवून ३ अँपिअरपेक्षा जास्त करंट मागतो. त्याला ५ अँपिअरचीच केबल लागते. वनप्लस आणि ओप्पोच्या ६५ वॅटच्या चार्जिंगमध्ये तर १० व्होल्टला ६.५ अँपिअर वाहतात. टाइप-सीच्या प्रमाणित ५ अँपिअरच्याही पलीकडचा हा आकडा आहे, म्हणून तिथे कंपनीची किंवा त्याच पद्धतीसाठी बनवलेली केबल हवी. दुसऱ्या चांगल्या केबलवर फोन चार्ज होतो, पण सावकाश.

गैरसमज : जास्त वॅटची केबल फोन जाळते.
वस्तुस्थिती : चार्जर ५ व्होल्टपासून सुरुवात करतो आणि फोनने मागितलं तरच व्होल्ट वाढवतो. २४० वॅटची केबल १८ वॅटच्या फोनला लावली तरी फोन १८ वॅटच घेतो. खरा धोका असतो तो चुकीच्या बनावटीच्या केबलींचा. एका बाजूला जुनी चपटी पिन आणि दुसऱ्या बाजूला सी असलेल्या केबलीत ५६ किलोओहमचा रोधक असावा लागतो. त्याऐवजी चुकीचा रोधक बसवला, की फोनला वाटतं समोरचा पोर्ट ३ अँपिअर देऊ शकतो, आणि तो साध्या पोर्टकडून झेपणार नाही इतका करंट ओढतो. गूगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या अशा केबली तपासून त्यांचे दोष जाहीर केले. २०१६ मध्ये तारा उलट जोडलेल्या एका केबलीने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला.

गैरसमज : लांबीने काही फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : २८ गेजच्या बारीक तारेची २ मीटर केबल घ्या. करंट जाऊन परत यायचा, म्हणजे ४ मीटर तांबं. २ अँपिअर वाहताना त्यात सुमारे १.७ व्होल्ट खर्ची पडतात. चार्जरच्या ५ व्होल्टमधले फोनपर्यंत ३.३ च पोचणार असतील तर फोन करंट कमी करतो. २४ गेजच्या जाड तारेत ही घट जेमतेम ०.७ व्होल्ट. वरचं नायलॉनचं विणलेलं आवरण केबलीचं घासण्यापासून रक्षण करतं, पण आत तांबं किती आहे ते त्यावरून समजत नाही.

गैरसमज : चार्जिंग वेगवान, तर डेटाही वेगवान.
वस्तुस्थिती : या दोन गोष्टींचा संबंध नाही. ॲपलची २४० वॅटची चार्जिंग केबल डेटा नेते तो जुन्या यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट. मोठे व्हिडिओ हलवायचे असतील तर डेटाचा वेग वेगळा पाहून घ्या.

घेताना काय बघाल?
चार्जरवर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअरच्या जोड्या छापलेल्या असतात, त्या वाचा. ‘पॉवर डिलिव्हरी’ किंवा ‘पीडी’ लिहिलेलं असेल तर दोन्ही टोकांना सी हवी, कारण चपट्या पिनेतून ही पद्धत चालत नाही. कुठेही ३ पेक्षा मोठा अँपिअरचा आकडा दिसला तर ५ अँपिअरची केबल घ्या; आकडा ५ च्याही वर असेल तर कंपनीची किंवा त्याच पद्धतीसाठी बनवलेली घ्या. नाहीतर ३ अँपिअरची, मीटरभर लांबीची केबल पुरे. नव्या प्रमाणित केबलींवर ६० किंवा २४० वॅटची खूण असते. दुकानात नुसती ‘फास्ट चार्जिंगची केबल’ मागू नका, किती अँपिअरची हवी ते सांगून मागा.