टर्बो गाडीचे ‘ट्यूनिंग’ : ताकद वाढते, ब्रेक मात्र तेच!

बुलढाणा : मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून समृद्धी महामार्ग गेला आणि जिल्ह्यातील कारचालकांना ताशी १२० किलोमीटरची कायदेशीर मुभा असलेला रस्ता मिळाला. सोबत एक मोहही आला. ‘टर्बो आहे ना? रिमॅप करून घे, गाडी उडेल!’ असा सल्ला सर्रास मिळतो. हे ट्यूनिंग नेमके काय असते? ते करावे का?

टर्बो काय करतो?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक छोटे चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चाके मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. हवेचा हा दाब म्हणजे ‘बूस्ट’. बूस्ट किती, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे गाडीतील ईसीयू हा संगणक ठरवतो. लॅपटॉप जोडून त्यातील आकडे बदलणे म्हणजे रिमॅप.

जपानी गाड्यांचेच नाव का?

जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समझोता होता. देशात विकायच्या गाडीची ताकद २८० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त दाखवायची नाही. तो २००४ पर्यंत चालला. टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाईन जीटी-आर या गाड्यांची इंजिने मात्र त्याहून बरीच दणकट होती. परदेशात विकलेल्या सुप्राची ताकद ३२० च्या आसपास होती. ट्यूनिंग करणाऱ्यांनी हीच शिल्लक वापरली. पण त्यासाठी इंटरकूलर, इंजेक्टर, क्लच आणि ब्रेकही बदलले. आपल्या रस्त्यांवरच्या फ्रॉन्क्स किंवा मॅग्नाईटमधील एक लिटरचे, सुमारे १०० हॉर्सपॉवरचे टर्बो इंजिन त्या जातीचे नाही.

धोका कुठे?

पहिला धोका उष्णतेचा. मलकापूर, शेगाव भागात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बूस्ट वाढवला की आधीच तापलेली हवा आणखी तापते. मग सिलिंडरमधील पेट्रोल-हवेचे मिश्रण अवेळी आपोआप भडकते. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते वाढले तर पिस्टन फुटतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंग रोखते. जपानमधील प्रीमियम पेट्रोल १०० ऑक्टेनच्या आसपास असते. आपल्याकडे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच शहरांत मिळते. त्यामुळे तिकडचे आकडे इकडे चालत नाहीत.

दुसरा धोका ब्रेकचा. वेग ८० वरून १२० झाला, तर गाडी थांबवताना ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. रिमॅपने इंजिनाचे आकडे बदलतात. ब्रेक आणि टायर कंपनीतून आले तेच राहतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्या अपघाताचा ट्यूनिंगशी संबंध नव्हता. पण या रस्त्यावर चूक किती महाग पडते, हे जिल्ह्याने पाहिले आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठीचे बदल परवानगीने करता येतात. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकू शकतो, कंपनीची वॉरंटीही जाऊ शकते.

मग करायचे काय?

- इंजिन ऑइल वेळेवर बदला. टर्बोचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.
- गाडी जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर सुरू ठेवा.
- समृद्धीवर चढण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासा. टायरची झीज आणि वयही पाहा.
- ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या.
- वेगाची हौस असेल, तर कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या रेस ट्रॅकवर जाऊन भागवा.

१२० ची मर्यादा गाठायला कंपनीतून आलेली टर्बो गाडी पुरेशी आहे. पैसे घालायचेच असतील, तर आधी चांगल्या टायरवर आणि ब्रेकवर घाला.